दुमडलेल्या बाह्या

शिंपी माप घेतो तेव्हा मी श्वास भरून उभी राहते. ही माझी जुनी लबाडी. टेप दोन बोटं पुढे सरकते आणि ब्लाऊज मला हवा तसा सैल होतो. माझी मुलगी म्हणते, "आई, तुझ्या कपड्यांत तू शोधावी लागतेस." शोधावी लागते तेच मला बरं वाटतं, हे तिला कसं सांगू? अंगाबरोबरचा कपडा घातला की कुणीतरी मला दंडाला धरून ठेवल्यासारखं होतं. ढगळ कपड्यात असं कुणी धरत नाही.

ही आवड मला लागली शिरोड्याजवळच्या एका काजूच्या कारखान्यात. ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमचं घर तिकडे वैभववाडीच्या पुढे, अगदी घाटाच्या पायथ्याला. सातवी झाली आणि माझी शाळा सुटली, कारण हायस्कूल लांब आणि घरात माझ्या पाठची चार. काही वर्षं शेतात काढली. मग अठरावं लागल्यावर आईने मला तिच्या माहेरच्या ओळखीच्या एका बाईंकडे पाठवलं. दोन गाड्या बदलून, सकाळी निघून दिवेलागणीला पोहोचले. मी त्यांना मावशी म्हणायचे. रक्ताचं नातं काही नव्हतं. त्यांचा नवरा गोव्यात एका हॉटेलात कामाला होता, चार-सहा महिन्यांनी यायचा. मावशी काजूच्या कारखान्यात जायच्या. तिथल्या मुकादम बाईंना त्यांनी माझ्याबद्दल एवढंच सांगितलं होतं, "माझ्या घरातलांच समजा." त्या एका वाक्यावर मला काम मिळालं, आणि ते वाक्य खोटं पडू नये याची धास्ती मला रोज असायची.

पहिल्यांदा मी बी फोडायच्या शेडमध्ये होते. काजूच्या टरफलातून काळा चीक उडतो. अंगावर पडला तर कातडी भाजते, कपड्यावर पडला तर डाग जात नाही. म्हणून तिथल्या सगळ्या बायका साडीवर पुरुषाचा जुना शर्ट घालायच्या. कुणाचा नवऱ्याचा, कुणाचा भावाचा. पहिल्या दिवशी मावशींनी खुंटीवरचा नवऱ्याचा शर्ट काढून माझ्याकडे टाकला. माणूस अंगाने दांडगा. शर्टाचे खांदे माझ्या कोपरापाशी येत, आणि खालची कड गुडघ्याला.

"ह्या शर्टात आणखी एक चेडू मावात गो," शेजारी बसणारी बाई म्हणाली. चेडू म्हणजे तिकडे मुलगी.

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण मला तो शर्ट काढावासा वाटेना. घरी आमचे कपडे नेहमी कापड पुरवून पुरवून शिवलेले. बगलेत काचायचे, वाकलं की पाठीवर ताणायचे. इथे मी हात हलवला की आधी हात हलायचा आणि मग शर्ट. मध्ये थोडी जागा राहायची. नव्या गावात, अनोळखी बायकांत, तेवढी जागा माझी स्वतःची होती.

मग आठवडी बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगातून मी माझा स्वतःचा एक शर्ट घेतला. निळ्या-पांढऱ्या बारीक रेघांचा, मऊ पडलेला, मोठ्या कॉलरचा. विकणाऱ्याने दोनदा विचारलं, "कोणाक होयो?" मी म्हटलं, "माका." त्याने माझ्याकडे बघितलं, शर्टाकडे बघितलं, आणि कागदात बांधून दिला. तो मी कामाला घालायची, आणि धुऊन वाळला की बाजारातही घालायची, परकराच्या वर. त्या वर्षी मुलींत आवळून शिवलेल्या पोलक्यांची फॅशन होती. मी त्यांच्यातून चालले की मागून आवाज यायचा.

"लगीन होवच्या आधीच घोवाचो शर्ट?"

"बुजगावणां इलां बघ बाजारात."

मावशी बरोबर असल्या तर वळून म्हणायच्या, "गप रवा गो. तेका थंडी वाजता." आणि दिवस मे महिन्याचे.

घरी आल्यावर मी विचारायची, "मावशी, माझां कायतरी चुकलां काय? नको घालू?"

"चुकलां तर मी सांगान. सारख्या विचारू नको."

पण मी विचारायचीच. भात जास्त झाला तरी, कळशी जोरात ठेवली तरी. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला आपल्या पावलांचा आवाजही मोठा वाटतो.

वर्षभराने माझा हात हलका आहे म्हणून मुकादम बाईंनी मला सोलायच्या खोलीत नेलं. तिथे भाजून वाळवलेल्या गरावरचं तांबूस साल बारीक सुरीने काढायचं, गर मोडू न देता. तिथे चीक नाही, म्हणून शर्टही कुणी घालत नसे. मी मात्र घालत राहिले. बाईंना ते फारसं आवडलं नाही. "खिशाचं तोंड शिवून ये," एवढंच त्या म्हणाल्या. त्याला कारण होतं. त्या खोलीतून सुटताना प्रत्येकीने दारात झाडा द्यायचा, म्हणजे बाईंच्या समोर उभं राहून पदर झटकायचा, ओटी मोकळी करून दाखवायची. एकही गर बाहेर जाता कामा नये. कुणाला त्यात अपमान वाटत नसे. देवळात शिरताना चप्पल काढावी तसं ते होतं. मी खिशाचं तोंड दुहेरी दोऱ्याने शिवलं आणि रोज पदर नसल्यामुळे शर्टाची कड झटकून दाखवायची.

बाह्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं. त्या बोटांच्याही खाली यायच्या, म्हणून मी चार घड्या घालून कोपरापर्यंत दुमडायची. ढगळ बाहीची घडी हाताला चिकटून बसत नाही, वाटीसारखी उघडी राहते. दिवसभर हात ट्रेवर, सुरीखालून गर निसटतात, तुकडे उडतात.

एका संध्याकाळी दारात मी शर्टाची कड झटकली आणि डावी बाही सुटली. चार-पाच काजूचे तुकडे फरशीवर पडले. अर्धी पाकळी एक, बाकी बारीक. मागे उभ्या असलेल्या बायका माना उंचावून बघू लागल्या.

"हे काय?" बाई म्हणाल्या. त्या कामावर कायम शुद्ध बोलायच्या.

त्या ओरडल्या नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी तुकडे उचलून टेबलावर ठेवले. "सकाळी आधी माझ्याकडे ये. मग ठरवू कामाचं," म्हणाल्या.

मावशी फोडायच्या शेडमधून बाहेर येईपर्यंत बातमी त्यांच्याकडे पोहोचली होती. वाटेत त्या दोन पावलं पुढे चालत होत्या. मी मनात गावाच्या गाडीची वेळ आठवत होते. मी जाईन, पण त्यांना इथेच राहायचं होतं, त्याच दारातून रोज जायचं होतं, आणि सगळ्या म्हणणार होत्या, हिच्याच घरातली ती.

घरी पोहोचल्यावर त्यांनी विचारलं, "तू घेतलंस?"

"नाय."

"बरां." परत त्यांनी तो प्रश्न कधीच विचारला नाही.

मी म्हटलं, "ह्यो शर्ट फडक्याक घेवा. उद्या तुमचां पोलकां घालून जातंय." आणि शर्ट काढायला लागले. तेव्हा त्यांना दिसलं, की घाबरून मी उजवी बाही तशीच दुमडलेली ठेवली होती.

"थांब. हलू नको."

त्यांनी खाली सूप धरलं आणि माझ्या हातावरची एकेक घडी सावकाश उलगडली. तुकडे पडले, तसलेच सहा-सात. पण त्यांच्याबरोबर सालं पडली, मूठभर तांबूस सालं, थोडी राखेसारखी धूळ, दोऱ्याचं गुंतवळ, आणि एक मेलेली मुंगी. मावशींनी सुपात बोट फिरवलं. मग ते सगळं जसंच्या तसं वर्तमानपत्रात बांधलं आणि फळीवर ठेवलं. जेवताना मला दोन वेळा वाढलं.

सकाळी त्यांनी मला तोच शर्ट घालायला लावला आणि ती पुडी बाईंच्या टेबलावर उघडली.

"बघा बाई. चोर सालां कित्याक नेतलो? आनी ही मुंगी? ही पण हिणाच चोरल्यान?"

बाई पुडीत बघत राहिल्या. माझी बाही धरून त्यांनी स्वतः एक घडी घातली, तिच्यात बोट घालून पाहिलं. त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं आणि गेलं. "बरं, समजलं," म्हणाल्या. "पण उद्यापासून हा शर्ट नको. ब्लाऊज घालून ये, बाकीच्यांसारखा."

मी लगेच मान हलवली. काम राहिलं होतं, मावशींचं वाक्य खोटं पडलं नव्हतं, त्यापुढे शर्टाची काय मातब्बरी? खरं तर एवढ्यावर आम्ही दोघींनी नमस्कार करून निघायला हवं होतं.

मावशी हलल्या नाहीत.

"बाई, चेडवाक ढगळ बरां वाटता," त्या म्हणाल्या. "ही एकच हौस आसा तेका. काढूक सांगल्यात तर काढीत तां, नाय म्हणूचां नाय. पण मगे तां दिसभर कोपऱ्यात अंग चोरून बसतलां. माका दिसता ना घरात."

मला वाटत होतं, मावशींना माझा शर्ट म्हणजे एक गंमत. माझ्या अंगाचं आणि माझ्या मनाचं असं कुणी कुणाला सांगताना मी आजवर ऐकलं नव्हतं. मी खाली बघत राहिले.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग खण ओढला. त्यांच्या खणात सुईदोरा असे, खिसे शिवायला लावायचे म्हणून. सुईदोरा आणि कात्री त्यांनी मावशींच्या पुढे सरकवली, आणि पहिल्यांदाच आमच्या बोलीत बोलल्या.

"बाह्यो काप. कोपराच्या खाली आवळून शिव, घडी नको. भोंग्याच्या आधी तां ट्रेवर बसाक होयां."

शर्ट काढून शिवायला वेळ नव्हता. मावशींनी मला पायरीवर बसवलं आणि अंगावरच बाही कापली. निळ्या-पांढऱ्या रेघांचा तुकडा माझ्या मांडीवर पडला. मग त्यांनी दोऱ्याचा एक तुकडा तोडून माझ्या तोंडाशी धरला. अंगावरचा कपडा शिवताना शिवून घेणाऱ्याने दातांत दोरा धरायचा आणि बोलायचं नाही, असं आमच्याकडे पाळतात.

त्या चुण्या घालत शिवू लागल्या, हात निघेल एवढीच सैल ठेवून. वरच्या बाजूला बाही फुग्यासारखी उभी राहिली. मावशींच्या बोटांना चिकाचे काळे डाग होते. मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. वर्षभर मी त्यांना नको ते शंभरदा विचारलं होतं आणि हवं ते एकदाही बोलले नव्हते, आणि आता तोंडात दोरा.

"रडाक लागलंस तर शिवण वाकडी जातली," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आता दुसरो हात."

मी दोरा दातांत घट्ट धरला आणि दुसरा हात पुढे केला.