मागचं दार

बसडेपोत एकतीस वर्षं त्यानं एकच काम केलं, दारं दुरुस्त करण्याचं. सगळे त्याला 'दारवाले' म्हणत. बस फाटकातून आत वळली की हा हातातला चहाचा कप खालीही न ठेवता सांगायचा, "मागच्या दाराचं वरचं बिजागर गेलं." ड्रायव्हर वैतागायचा, "अहो, मला उतरू तरी द्या!" पण बिजागर गेलेलंच असायचं. करकर असो नाहीतर खुळखुळ, दाराचा आवाज त्याच्या कानातून सुटत नसे.

निवृत्त झाल्यावर त्यानं नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी घेतली. बायको गेल्यापासून तो थोरल्या बहिणीकडेच राहत होता. ताईनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "हिची कडी कुठाय रे?"

"आत लपलेली असते, ताई. आपण जवळ गेलो की आपोआप बाहेर येते."

"आणि नाही आली तर?"

"नाही कशी येईल!"

दुसऱ्याच आठवड्यात नाही आली. त्यानं सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिकडून साखरेत घोळलेला आवाज आला, "सर, आपली अडचण आम्ही समजू शकतो, सर. गाडी एकदा बंद करून पुन्हा चालू केलीत का, सर?"

"बाई, चालू करायला आत बसावं लागतं."

"अगदी बरोबर, सर. मग आत बसून पाहिलंत का, सर?"

गाडी दोन दिवस तिकडे राहिली. परत देताना मेकॅनिक म्हणाला, "सॉफ्टवेअर नवीन टाकलंय. दारांना करंट देणारी छोटी बॅटरी जरा अशक्त वाटतेय. पुन्हा झालं तर बदलू." यानं मान डोलावली, पण घरी येऊन ताईला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. दारवाल्याचंच दार बिघडलं म्हटल्यावर तिनं आठवडाभर भाजून काढलं असतं.

मग मागच्या डाव्या दारात खुळखुळ सुरू झाली. दुसऱ्या कुणाला ती ऐकूही आली नसती, याची मात्र झोप उडाली. पुन्हा त्या गोड आवाजाला कोण विचारणार! यानं स्वतःच आतलं कव्हर उतरवलं. आत एक बारीक तार सैल लोंबत होती आणि पत्र्यावर आपटत होती. "काय गलथान काम करतात!" असं म्हणून त्यानं पक्कड घेतली, तार कापली आणि कचऱ्यात टाकली. गाडीबरोबर जाडजूड पुस्तक आलं होतं. पण दारावरचं पुस्तक यानं वाचायचं? यानं? खुळखुळ थांबली, तो खूश झाला.

त्यानंतर महिन्याभरानं ताईच्या मैत्रिणीचा निरोप आला. दोघी पहिलीपासूनच्या. मैत्रीण आता मुलाकडे परदेशात कायमची निघाली होती. जाताना बसस्टँडवर गाडी बदलायला तिला अर्धा तास मिळणार होता, तेवढ्यात भेटायचं. तिला आताशा ऐकू येत नसे. फोनवर बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. समोर असलं, की मात्र ओठ बघून ती सगळं समजायची, वर चेष्टाही करायची. म्हणजे ही भेट झाली तर झाली.

ताई ठेवणीतली साडी नेसून नेहमीसारखी मागे बसली. पुढे बसलं की गाड्या अंगावर येतात, असं तिचं म्हणणं. स्टँडच्या पार्किंगमध्ये तो उतरला, आपलं दार लावलं आणि तिचं दार उघडायला आला. कडी बाहेर आली नाही. इतर तिन्ही दारांच्याही आल्या नाहीत. छोट्या बॅटरीनं मान टाकली होती. आतून ताई बटण दाबून थकली; पुढच्या सीटवर चढून जाणं तिच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं.

बघता बघता लोक जमले.

"किल्ली बदलून बघा."

"आमच्या साडूंच्या गाडीचं असंच व्हायचं. विकली त्यांनी."

"काच फोडा सरळ!"

"नवी गाडी आहे हो!" हा कळवळून म्हणाला.

एका मुलीनं मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं, "करंट गेला तर मागच्या डाव्या दाराच्या खणातलं रबर उचला. फक्त तिथंच खाली तार असते, ती ओढली की दार उघडतं." सगळे एका सुरात ओरडले, "आजी, तार ओढा, तार!" ताईनं रबर उचललं, बोटं आत घालून चाचपलं आणि रिकामा पंजा काचेला लावून दाखवला.

"कंपनीनं तारच टाकली नाही! लुटतात नुसते," कुणीतरी म्हणालं.

"हो ना," दारवाला म्हणाला.

ताईनं मग काचेला तोंड लावलं. "अरे, राहू दे ते! तिलाच इकडे घेऊन ये! काचेतून बोलू आम्ही!"

ओठ वाचणारीला काचेचं काय? स्टँड पन्नास पावलांवर होता. पण त्या मैत्रिणीनं याला अर्ध्या चड्डीपासून पाहिलेलं. दारवाल्यानं बहिणीलाच कोंडलं, हे तिनं बघायचं आणि जन्मभर तिकडे हसत बसायचं! एक मिनिट, उघडतंच आता, असं मनाशी म्हणत तो दाराशी झटत राहिला. अशी किती मिनिटं गेली, त्यालाच कळलं नाही.

सर्व्हिसवाल्यांची गाडी आली. मेकॅनिकनं पुढून करंट जोडला आणि टप टप करत चारही कड्या शहाण्यासारख्या बाहेर आल्या. ताई गुडघे सांभाळत फलाटाकडे निघाली. फलाट मोकळा होता. चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "विमानतळाची? आत्ताच सुटली. एक बाई शेवटपर्यंत पायरीवर उभ्या होत्या, कुणाची तरी वाट बघत. आम्हीच आत बसवलं त्यांना."

परतताना ताईनं टोमणासुद्धा मारला नाही. तेच त्याला लागलं.

चार दिवसांनी मैत्रिणीच्या मुलाचा फोन आला. "मावशी, आई विचारतेय, का नाही आलात?"

"तिला म्हणावं, गाडीचं दारच उघडलं नाही. भावानं खूप खटपट केली. तुला तिथं आण म्हणून ओरडत होते मी, पण काच बंद, त्या बिचाऱ्याला काय ऐकू येणार!"

तो दारातच उभा होता. तिनं फोन ठेवल्यावर म्हणाला, "ताई, ती तार मीच कापली होती."

"बरं."

"आणि मला ऐकू आलं होतं."

"माहितीये," ताई म्हणाली. "हो म्हणून मान हलवलीस आणि परत वाकलास. समोरच तर बसले होते मी."

"मग तिला तसं का सांगितलंस?"

ताई घडी केलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या घालायला लागली.

"ती आता एवढ्या लांब गेलीय," ती म्हणाली. "तिच्यापाशी तुझी आणखी कशाला शोभा करू?"