उंबऱ्याला फुटलेले कान

मुलाच्या लग्नाला आठवडा राहिला होता आणि मीरा रोडच्या आमच्या फ्लॅटच्या उंबऱ्याला कान फुटले. खरंच कान! पिवळट, मऊ, काठाला झालर असलेले.

बिल्डरने दारात संगमरवरी पट्टी दिली होती. ती काढून मी हट्टाने लाकडी उंबरा बसवून घेतला. रोज सकाळी तांब्याभर पाण्याने तो धुवायचा, मग हळदीकुंकू.

आमचे हे निवृत्त झालेत, म्हणजे दिवसभर मोबाइलवर असतात. वाकून बघत म्हणाले, "बुरशीचे प्रकार असतात. तपकिरी बुरशीने लाकडाचे चौकोनी तुकडे पडतात, पांढरीने लाकूड दोऱ्यादोऱ्यांचं होतं. आपल्याकडे बहुतेक दोन्ही आहेत." चेहरा असा खुललेला, जणू पोराला एकदम दोन स्थळं आली. वर म्हणाले, "पाणी तू घालतेस."

"उंबऱ्याला घालते, आंब्याला नाही!" मी कडाडले.

सुतार म्हणाला, "आंटी, मार्बल लगा लो." मी म्हटलं, "शादी के बाद." लग्नघरात उंबरा उखडायचा? छे! सून त्यावरचं माप लवंडून घरात येणार होती. मी ते कान सुरीने कापले, भेगांत पुट्टी भरली, वरून लाल ऑइलपेंट फासला. तेवढा एक दिवस निभावू दे रे देवा, असं रोज म्हणत होते. काही विपरीत घडलं तर आमचे नातेवाईक जन्मभर त्या पोरीच्या पायाला नावं ठेवतील, ही खरी धास्ती.

लग्न लागलं, नवरानवरी दारात आली. सुनेने उजव्या पायाने माप लवंडलं. तांदूळ घरात, पण जड शालूत तिचा तोल गेला आणि टाच पडली नेमकी उंबऱ्यावर. कर्र! पाऊल आत रुतलं.

"अगंबाई, पहिल्याच पावलाला?" माझी नणंद.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वन्सं, तिच्या पायाला एक शब्द बोलायचा नाही! बुरशी आहे ती, आणि रोज पाणी घालून मी पाळलीय!"

"आई," सून रडवेली झाली, "जोडवं अडकलंय."

मी पैठणीसकट खाली बसले. तिचं पाऊल मांडीवर घेतलं आणि जोडव्यात गुंतलेले पांढरे दोरे एकेक सोडवू लागले. सासू सुनेच्या पायाशी बसलेली बघून नणंदेचा आ वासलेला तसाच राहिला. राहू दे म्हटलं.