चेट ड्रोब्नीने मोजलेले हात

माझा मुलगा जन्मला त्या दुपारी त्याला आधी नर्सने घेतलं, मग मी, आणि तिसरा नंबर चेटचा. चेट म्हणजे माझी थोरली बहीण बर्नी हिचा नवरा. त्याने बाळाला नीट उचललंसुद्धा नाही. खिशातून टेप काढली, बाळाची मूठ उघडली आणि अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत माप घेतलं.

"आईवर गेलाय," असं म्हणून त्याने तोंड वाकडं केलं आणि टेप परत खिशात टाकली.

बर्नीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. ती नवऱ्याला सरावली होती, मी अजून सरावायची होते.

चेटचा धंदा पोरं बघायचा. स्थळं बघायला जावं तसा तो गाडी काढून कॉलेजा-कॉलेजांतून हिंडायचा. आमच्याकडे, अमेरिकेत, दर एप्रिलमध्ये हाताने फेकायच्या फुटबॉलचे मोठे संघ कॉलेजातली तयार पोरं फेरीफेरीने एकेक करून उचलतात. त्याआधी वर्षभर चेटसारखी माणसं त्या पोरांना पळवतात, बॉल फेकायला लावतात, चड्डीवर वजनकाट्यावर उभं करतात आणि संघाच्या मालकाला सांगतात, हा घ्या, तो नको. बाकीच्या जागांचं एक वेळ ठीक आहे. जाडजूड पोरगा समोरच्याला ढकलतो की नाही, हे माझ्यासारख्या शाळेची बस चालवणारीलाही दिसतं. घोडं अडतं ते क्वार्टरबॅकपाशी. बॉल त्याच्या हातात येतो, समोरून म्हशीएवढे चार-पाच जण अंगावर धावून येतात आणि तेवढ्यात बॉल कुणाकडे फेकायचा ते त्याने ठरवायचं असतं. हे त्याला जमेल का ते बघायचं तर त्याच्या अंगावर ते चार-पाच जण सोडायला हवेत. चाचणीत ते कुणी सोडत नाही. चाचणीत पोरगा मोकळ्या मैदानात उभा असतो, छान ऊन पडलेलं असतं, पोटात नाश्ता असतो, आणि कडेला टोप्या घातलेले तीसेक बाप्ये मान डोलावत असतात.

मग हे बाप्ये जे मोजता येतं ते मोजतात. उंची मोजतात, तीही इंचाच्या आठव्या भागापर्यंत. पाय किती भरभर उचलतो ते घड्याळ लावून बघतात. आणि हात मोजतात. चेटचा सगळा जीव हातात. "नऊ इंचांच्या आत हात असेल तर नोव्हेंबरच्या पावसात बॉल निसटणार म्हणजे निसटणार," हे तो इतक्या ठामपणे सांगायचा, की आमचे पाद्रीसुद्धा त्याच्यापुढे बायबल मिटून ठेवत. पोरांचे चेहरे मात्र त्याच्या लक्षात राहायचे नाहीत. एकदा खानावळीत एक धिप्पाड तरुण त्याला "मिस्टर ड्रोब्नी!" करत भेटायला आला. चेटला काही केल्या ओळख पटेना. शेवटी हस्तांदोलन केलं आणि याचा चेहरा उजळला. म्हणे, "अरे, पावणेदहा! कसा आहेस बाबा?"

आमच्या नदीकाठच्या गावातला पोलादाचा कारखाना बंद पडला तसा लोकांचा बाकी सगळ्यावरचा विश्वास उडाला, पण चेटवरचा टिकून राहिला. ईस्टरच्या आधीच्या उपवासात मटण चालत नाही, मासे चालतात, म्हणून दर शुक्रवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तळलेल्या माशाचं जेवण असतं. तिथे चेट बसला की त्याच्या टेबलाशी रांग लागायची. यंदा कोण चांगला? तो उंच पोरगा कसा आहे? चेट तोंडातला घास न गिळता निकाल द्यायचा, आणि माणसं तो निकाल प्रसादासारखा घरी घेऊन जायची.

निकाल कसले होते ते मला विचारा. केंटकीतल्या एका पोराला त्याने हात लहान म्हणून नाकारलं. तो दुसऱ्या संघात गेला आणि पुढे कित्येक वर्षं, भर नोव्हेंबरात, भर पावसात, त्याने चेटच्या संघाला धू-धू धुतलं. चेटने धडा घेतला. पुढच्या वर्षी लहान हातांचा जो पहिला पोरगा दिसला तो त्याने संघाच्या गळ्यात मारला. तो पोरगा बॉल कधी सोडायचाच नाही. आईने परत द्यायला मना केल्यासारखा छातीशी धरून बसायचा आणि मार खायचा. मग चेट म्हणाला, हात-बित सोडा, स्वभाव बघायला हवा. म्हणून तो पोरांना जेवायला नेऊ लागला. एकाने स्पॅगेटीचे सुरीने तुकडे केले म्हणून त्याला नापास केलं. "ज्याला गुंता सहन होत नाही तो मैदानात काय करणार?" असं मला समजावून सांगताना हा गृहस्थ इतका गंभीर होता की मी हातातला पाव खाली ठेवला.

आणि ज्या एका पोरामुळे चेटचं नाव झालं, त्याला बघायला तो गेलाच नव्हता. गेला होता दुसऱ्याला बघायला. त्या दुसऱ्याचं आदल्या दिवशी काहीतरी खाऊन पोट बिघडलं, म्हणून हा राखीव पोरगा मैदानात उतरला. चेटने ही गोष्ट बाहेर सांगताना पोट गाळलं आणि आपली पारखी नजर घातली.

तरी इतकी वर्षं त्याची नोकरी गेली नाही, कारण बाकीचेही तेवढेच चुकायचे. दोन क्वार्टरबॅक घेतले की एक चांगला निघायचा, एक फुकट जायचा. नाणं उडवून एवढं साधलं असतं. पण नाण्याला मालकाशेजारी खुर्ची देता येत नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरीही माझ्या मुलाची वेळ आली तेव्हा मी चेटच्याच तोंडाकडे बघत बसले.

डॉम, म्हणजे डॉमिनिक, नववीत होता तेव्हा माझा नवरा अँडी वारला. त्यानंतर पोरगा बोलेनासा झाला. चेट गावात असला की संध्याकाळी आमच्या घरामागच्या गल्लीत यायचा. "फेक," एवढंच म्हणायचा. डॉम फेकायचा, चेट झेलायचा, हात बघायचा, खांदा बघायचा, पाय कुठे पडतोय ते बघायचा. अंधारून येईतो हेच चालायचं. त्या गल्लीतच पोरगा हळूहळू पुन्हा बोलायला लागला, हे मी चेटचं देणं मानते. पुढे एका लहान कॉलेजात डॉम क्वार्टरबॅक झाला, चांगला खेळला, आणि शेवटच्या वर्षी टोप्यावाले बाप्ये त्यालाही बघायला यायला लागले. उंची होती, खांद्यात जोर होता. हात मात्र माझे. नऊ इंचांना जरासे कमी. चाचणीच्या आधी महिनाभर मी रोज मक्याचं तेल कोमट करून त्याचे तळवे चोळले, बोटं ताणली. सगळ्यांच्या आया हेच करतात, कबूल कुणी करत नाही.

त्या वर्षी चेटच्या संघाला क्वार्टरबॅक हवा होता. वरच्या फेऱ्यांत नाही तर शेवटच्या फेऱ्यांत कुणीतरी घेणारच होते. डॉमचं स्वप्न तेवढंच होतं, नाव पुकारलं जावं. आणि ते चेटच्या एका शब्दावर अडलं होतं. मी त्याला शुक्रवारच्या माशावर गाठलं.

"चेट, तू सांगशील ना?"

"काय?"

"उगाच वेड पांघरू नकोस. डॉमबद्दल."

"अगं, तो माझा भाचा. मला विचारतील कशाला?"

"आणि विचारलं तर?"

तो काट्याने कोबी ढवळत राहिला. "विचारलं तर खरं ते सांगीन."

"खरं? तू? आजवर कधी सांगितलंस?"

बर्नीला हसताना ठसका लागला. चेटने अर्धा मासा तसाच ठेवून ताट बाजूला सारलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

निवडीच्या शेवटच्या दिवशी माझं घर शेजाऱ्यांनी भरलं होतं. मी कोबीच्या पानांत खिमा भरून पातेलंभर रोल केले होते, कुणीतरी केक आणला होता, त्यावर बॉलसुद्धा काढला होता. डॉम फोन मांडीवर ठेवून बसला होता. चेटच्या संघाची पाळी आली. टीव्हीवर नाव पुकारलं ते कुणा भलत्याच पोराचं. सव्वादहा इंच हात, असं निवेदकाने कौतुकाने सांगितलं. डॉमने फोन उलटा करून ठेवला. लोक एकेक करून उठले. जाताना जो तो माझ्या खांद्यावर थापटत होता, आणि तो केक तसाच टेबलावर राहिला.

मग फेरेन्सचा फोन आला. हा चेटबरोबर वर्षानुवर्षं हिंडलेला जोडीदार, निवडीच्या खोलीत हजर असलेला.

"लोर्ना, चेट निघालाय तिकडे. त्याला घरात घे."

"का? काय झालं?"

"मालकांनी त्याला सरळ विचारलं. म्हणाले, चेट, तुमचा भाचा अजून शिल्लक आहे, काय म्हणता? सगळे आपले तयार होते गं. त्याने नुसतं हो म्हणायचं होतं. फळ्यावर नाव लावायला माणूस उठलासुद्धा होता."

"मग?"

"चेट म्हणाला, मला माहीत नाही."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. फेरेन्सने पुढचं सांगितलं ते असं. मालक हसले, म्हणाले, माहीत नाही म्हणजे? तुमच्या डोळ्यांसमोर वाढलाय ना? त्यावर चेट उठून उभा राहिला. "तेच तर," तो म्हणाला. "हा जन्मला त्या दिवसापासून मी याला बघतोय. बाप गेल्यावर तो कसा उभा राहिला ते बघितलंय. याने फेकलेले बॉल मी मोजू शकणार नाही इतके झेललेत. याच्याइतकं मी एकाही पोराला ओळखत नाही. आणि उद्या पाच जण अंगावर आले की हा काय करेल, ते मला सांगता येत नाही. मग जी पोरं मी दोन दुपारी बघितली, त्यांच्याबद्दल मी तुम्हाला इतकी वर्षं काय सांगत आलो?"

मग मालकांनी घसा साफ केला आणि विचारलं, "सगळ्यांत मोठे हात कुणाचे आहेत?" आणि चेटला म्हणाले, तुम्ही दमलात, आता घरी बसा.

मी फोन ठेवला आणि त्या केकची सुरी उचलली, ती का उचलली ते मला आजही सांगता यायचं नाही. या माणसाने आयुष्यभर लोकांच्या पोरांबद्दल बेधडक थापा मारल्या. स्पॅगेटीवरून मारल्या, पोटदुखीवरून मारल्या. आणि नेमकी माझ्या पोराची पाळी आली तेव्हा याला सत्याचा उमाळा आला! एक थाप, चेट. एकच, घरच्यासाठी.

पुढचं आधीच सांगून टाकते. सव्वादहा इंचवाला दोन हंगाम टिकला आणि मग त्याला सोडून दिलं. संघाने त्यावर उपाय म्हणून मोजणारी माणसं आणखी वाढवली. डॉमला उन्हाळ्यात एका संघाने सरावाला बोलावलं आणि ऑगस्टमध्ये परत पाठवलं. खऱ्या सामन्यात त्याच्या हातात बॉल आलाच नाही, म्हणजे त्याला जमलं असतं की नाही ते कुणालाच कळलं नाही. आता तो आमच्याच शाळेत भूगोल शिकवतो आणि पोरांना फेकायला शिकवतो. गावात अजून यावर वाद होतात. मी त्यात पडत नाही.

तर त्या संध्याकाळी चेट आला. पुढच्या दाराला मी कडी घातली होती. त्याने एकदा वाजवलं आणि मागच्या गल्लीत जाऊन उभा राहिला. डोक्यावर टोपी नव्हती. टोपीवाचून मी त्याला लग्नात आणि अँडीच्या मयतीला, एवढ्याच वेळा बघितलं होतं. एकदम म्हातारा दिसला.

डॉम उठला. मी म्हटलं, "जाऊ नकोस." तो गेला. जाताना त्याने कोपऱ्यातला बॉल घेतला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिले. डॉमने मागे सरकून नेहमीच्या जागी पाय रोवले आणि फेकला. असा सणसणीत फेकला की दिवसभराचं सगळं त्यात होतं. चेटचे हात वर झाले, पण उशिरा. बॉल थेट नाकावर बसला आणि माणूस मटकन खाली बसला.

मी फ्रीजरमधली पिरोगीची, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्यांची, पिशवी उचलली आणि पळाले. त्याच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण रक्त भळाभळा वाहत होतं आणि डॉम नुसता "सॉरी, सॉरी" करत उभा होता. मी चेटचं डोकं मांडीवर घेतलं आणि गोठलेली पिशवी नाकावर दाबली.

"एवढी वर्षं झेलतोयस," मी म्हटलं. "साधा समोरून आलेला बॉल धरता आला नाही?"

"बॉल बघितलाच नाही," तो पिशवीखालून म्हणाला.

"मग काय बघत होतास, हात?"

"नाही गं. याचं तोंड बघत होतो." त्याने पिशवी जरा बाजूला सारली. "रडत होता तो, लोर्ना."

डॉम तिथेच आमच्याशेजारी सिमेंटवर बसला. मला चेटचा राग आलेलाच होता, तो गेला नव्हता, पूर्ण अजूनही गेलेला नाही. मी पिशवी जरा जास्तच जोरात दाबली. तो ओरडला, आणि मी त्याचं डोकं सोडलं नाही.