तिसरं शहर

"जनरेटर किती वेळात सुरू होतो, चाचा?"

"मी खाली उतरून चालू करीपर्यंत."

मी डायरीत लिहिलं, चार मिनिटं. मग इस्माईलचाचांचे गुडघे आठवले आणि चाराचे सहा केले.

भाट्याचा पूल ओलांडला की डाव्या हाताला चाचांचं बारा खोल्यांचं लॉज आहे. सकाळपासून मी तिथे टेप, डायरी आणि मोबाईल घेऊन फिरत होते. खोल्या मोजल्या, प्लग मोजले, प्रत्येक मजल्यावर उभी राहून इंटरनेटचा स्पीड तपासला. चाचा मागोमाग येत होते आणि मी काही लिहिलं की वाकून बघत होते.

मी मुंबईच्या एका इव्हेंट कंपनीत काम करते. लॉकडाऊनमध्ये रत्नागिरीला घरी आले ती तिथूनच काम करू लागले. महिन्यातून एकदा ऑफिसला जाते. माझं काम बिड लिहिण्याचं. एखाद्या संस्थेला मोठी कॉन्फरन्स घ्यायची असते. ती आमच्यासारख्या कंपन्यांना आपल्या गरजा लिहून पाठवते. त्याला आरएफपी म्हणतात. आम्ही उत्तरात शहर सुचवतो. हॉल कुठला, खोल्या किती, माणसं येणार कशी, लाईट गेली तर काय. हे सगळं मांडलेल्या दस्तऐवजाला बिड म्हणतात.

माझे बाबा मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारी ट्रॉलरवर खलाशी होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी अभिमानाने सांगते, नेहमीच सांगते. या वेळी मात्र ते सांगायला दुसरंही कारण आहे. पुढे जे झालं त्यात या अभिमानाचा मोठा हात होता.

ब्लॉकचेनवर काम करणाऱ्या एका परदेशी संस्थेला चार दिवसांची आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्स भारतात घ्यायची होती. फेब्रुवारीत. साधारण चारशे माणसं. शहर समुद्राकाठचं हवं, फार मोठं नको. तीन पर्याय द्या, असं त्यांनी लिहिलं होतं.

विक्रम सर म्हणजे माझे बॉस. ते फोनवर म्हणाले, "गोवा घे, कोची घे. आणि तिसरं... अगं, तुझं रत्नागिरीच टाक ना."

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. "सर, हॉटेल्सकडून होल्ड लेटर्स घेऊ?"

"लेटर्स कशाला? फोटो आण. आरे-वारेच्या बीचचा वरच्या वळणावरून एक घे, मस्त येतो."

होल्ड लेटर म्हणजे हॉटेलवाल्याने लिहून दिलेलं पत्र, की या तारखांना एवढ्या खोल्या तुमच्यासाठी राखून ठेवतो. ज्या शहरात खरंच जायचं असतं तिथून पहिलं हे पत्र येतं. हे मला ठाऊक होतं. चार वर्षं मी हेच करत होते. तरी सरांनी नको म्हटलं तेव्हा मी थांबले नाही. मला वाटलं, सरांना रत्नागिरी ठाऊक नाही. आपण करून दाखवू.

चारशे माणसं एका छताखाली राहतील असं हॉटेल आमच्याकडे नव्हतं. म्हणून मी चौदा लॉज आणि हॉटेलं जोडायचं ठरवलं. मुख्य भाषणं नाट्यगृहात, वर्कशॉप कॉलेजच्या वर्गांत. गावात प्रवासी विमान उतरत नव्हतं, म्हणून मुंबईहून आणि गोव्याहून रेल्वेचे डबे एकदम बुक करायचे. जुळत होतं. पण पहिल्या दोन लॉजवाल्यांनी मला चहा पाजला, बाबांची चौकशी केली आणि सीझनमध्ये खोल्या अडवून ठेवायला नकार दिला.

मग मी चाचांकडे गेले. चाचा पंचवीस वर्षं मालवाहू जहाजांवर होते. शेवटी सारंग झाले, म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचे मुकादम. त्यांच्या हाताखाली गावातली निम्मी माणसं राबून आलेली. त्यांनी शब्द टाकला तर कोणी नाही म्हणत नसे.

"ब्लॉकचेन म्हणजे काय गो बाय? अँकरची चेन?"

"नाही हो चाचा. नोंदवही समजा. पण एकाच माणसाकडे ठेवलेली नाही. तिची प्रत सगळ्यांकडे असते. एकदा नोंद केली की कोणाला गुपचूप बदलता येत नाही."

चाचांनी जरा विचार केला. "मंग ता आमच्या लॉगबुकासारखा. चुकला तर खोडायचा नाय. एक रेघ मारायची नि बाजूक सही करायची. खालचा वाचता आला पायजे. आमचा कॅप्टन रबर बघला तर समुद्रात टाकायचा."

"तेच. एवढंच कळायला लोक परदेशातून येणार आहेत."

"मंग मलाच उभा कर भाषणाक."

पुढचे चार दिवस चाचा माझ्या स्कूटीवर मागे बसून सगळीकडे आले. प्रत्येक ठिकाणी एकच बोलले, "खलाशाची पोर हाय. शिकली, मोठ्या कंपनीत गेली, तरी गावाचा बघतंय. खोल्या ठेवा." पत्र कोणी दिलं नाही. पत्राची पद्धतच नाही. प्रत्येकाने आपल्या रजिस्टरात त्या चार तारखांवर 'कॉन्फरन्स' लिहिलं आणि चहा मागवला. चौदा ठिकाणी चौदा चहा. मी प्रत्येक रजिस्टरचा फोटो काढला. मला तेच होल्ड लेटर वाटलं.

शेवटच्या दिवशी परत आल्यावर चाचा लॉजच्या पायरीवर बसले. त्यांचा मुलगा फैजल कतारमध्ये, दोह्याला एका हॉटेलात रिसेप्शनवर होता. नऊ वर्षं. त्याची बायको आणि मुलगी इथेच, लॉजच्या मागच्या घरात.

"फैजलचा कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरात संपतंय," चाचा म्हणाले. "आठ दिवसांत सही करूची हाय, नायतर ते दुसरा माणूस घेतील. मी त्याका सांगतंय, सही करू नको. तुझी चारशे माणसा एकदा येऊन गेली की गावाचा नाव होईल, मागून दुसरी येतील. लॉज चालवूक जाणता माणूस लागंल. म्हणून एक विचारतंय. होणार ना नक्की?"

तीन पर्यायांतला हा एक आहे. पत्र नको, फोटो आण, असं बॉसने सांगितलंय. हे दोन्ही मला तेव्हा सांगता आलं असतं.

मी म्हटलं, "होणार, चाचा."

फैजलने सही केली नाही.

सप्टेंबरच्या शेवटी क्लायंटबरोबर व्हिडिओ कॉल होता. मी मुंबईला गेले. सकाळी विक्रम सरांनी प्रेझेंटेशन उघडलं. गोव्याच्या सोळा स्लाईड, कोचीच्या नऊ. माझ्या रत्नागिरीच्या मी बावीस केल्या होत्या. उरल्या होत्या दोन. एकीवर आरे-वारे, दुसरीवर नकाशा.

"सर, बाकीच्या कुठे गेल्या? जनरेटरचा तक्ता, खोल्यांची यादी?"

"अगं, एवढं करायला कोणी सांगितलं होतं तुला?" सर रागावले नव्हते, आणि त्याचंच मला जास्त लागलं. "गोव्याच्या हॉटेलशी आपलं जूनमध्येच बोलणं झालंय. क्लायंटला तीन हवेत म्हणून तीन द्यायचे. दुसरं शहर जरा कमी दाखवायचं, तिसरं फक्त सुंदर दाखवायचं. म्हणजे पहिलं आपोआप शहाणं दिसतं. तिसरं शहर नेहमी असंच असतं. चार वर्षांत कळलं नाही?"

कळलं होतं. दुसऱ्यांच्या गावांची तिसरी शहरं मीच केली होती. गणपतीपुळ्याची एकदा, अलिबागची दोनदा. तिथल्या माणसांची तोंडं मी कधी बघितली नव्हती, कारण तिथून फोटोच आणले होते.

कॉल सुरू झाला. संस्थेकडून तिघे-चौघे होते. बोलत होत्या त्या एल्के नावाच्या बाई, पन्नाशीच्या, नीट ऐकून घेणाऱ्या. गोवा झालं, कोची झालं. सरांनी रत्नागिरीच्या दोन स्लाईड अर्ध्या मिनिटात सरकवल्या. बाईंनी थांबवलं.

"मागे घ्या जरा. हे फारच छान आहे. इथे जमेल का?"

सर म्हणाले, "सुंदर आहे, पण विमान नाही. एवढ्या खोल्याही नाहीत."

खोल्या होत्या. माझ्या पर्समध्ये रजिस्टरांच्या फोटोंचे प्रिंट होते. बाईंची नजर माझ्याकडे वळली. "तुम्ही काय म्हणाल? तुम्ही आम्हाला तिथे न्याल?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात सर हसून म्हणाले, "ती नेणारच. तिचं गाव आहे ते."

तिकडे सगळे हसले. मोकळं, चांगलं हसले. त्यात कुचेष्टा नव्हती. पण आता मी काहीही बोलले तरी ते गावच्या मुलीचं बोलणं होणार होतं. जनरेटरच्या सहा मिनिटांसकट.

मीही हसले. पर्स उघडली नाही.

त्यावर आजवर मी पुष्कळ विचार केलाय. प्रिंट काढून दाखवले असते तरी गोवाच झालं असतं, असं मी स्वतःला सांगते. बहुधा खरंही असेल. पण मी ते दाखवले नाहीत, हे त्याहून पक्कं आहे. नोकरी जाईल ही भीती होती. घरात महिन्याचा पगार आणणारीही मी पहिलीच.

चार दिवसांनी गोव्याचं नक्की झाल्याची ईमेल आली. सरांनी सगळ्यांना केक मागवला.

रत्नागिरीला परतल्यावर आठ दिवस मी पुलाकडे फिरकले नाही. बाजारात लांबच्या रस्त्याने जायची. नवव्या दिवशी बाबा जाळं विणता विणता, मान वर न करता म्हणाले, "फैजल आयलाय. तुझी चौकशी करीत होता."

गेले. लॉजच्या दर्शनी भिंतीला नवा रंग होता. काउंटरच्या मागे फैजल, इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपवर बुकिंगचं सॉफ्टवेअर बसवत होता. त्याची मुलगी बाजूला स्टुलावर बसून त्याचा शर्ट धरून होती. परत जायची तारीख न ठरवता बाप घरी आलेला तिने पहिल्यांदाच बघितला असणार.

"काय मॅडम, कन्फर्म?" त्याने विचारलं.

"गोव्याला गेली, फैजलभाई."

त्याने लॅपटॉपचं झाकण हळू खाली केलं. "मी अब्बांना विचारलेलं, लेटर हाय काय. अब्बा बोलले, लेटर कशाला, पोरीनं सांगितलंय."

चाचा आतून आले. त्यांनी ऐकलं होतं. मी सगळं सांगितलं. तिसरं शहर म्हणजे काय तेही सांगितलं. त्यांना ते पटकन समजलं. जहाजावर पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला असल्या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काउंटरवरचं रजिस्टर ओढलं, फेब्रुवारीचं पान काढलं, खिशातून पट्टी आणि पेन काढलं. 'कॉन्फरन्स' या शब्दावर एक सरळ रेघ मारली. खालचं वाचता येत होतं. बाजूला सही केली आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

"तू पण कर. नि कारण लिव. लॉगमध्ये कारण लिवतात."

मी लिहिलं, रद्द.

चाचांनी वाकून वाचलं, जनरेटरची मिनिटं वाचायचे तसंच. "ह्या नाय बाय. रद्द ता होता, जा ठरलेला असता. खरा काय ता लिव."

मी 'रद्द'वर रेघ मारली. सही केली. मग लिहिलं, ठरलंच नव्हतं. त्याखाली पुन्हा सही केली.

चाचांनी रजिस्टर मिटलं. "बस, चाय घे," म्हणाले.

त्या फेब्रुवारीत चौदाही लॉजवाल्यांच्या खोल्या नेहमीच्या पर्यटकांनी भरल्या. मोठं नुकसान कोणाचं झालं नाही, आणि मला कोणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त आता माझ्यासाठी कोणी रजिस्टर उघडत नाही. दोह्यातली फैजलची जागा दुसऱ्याने घेतली होती. जानेवारीत तो समुद्रातल्या एका तेलाच्या रिगवर किचनमध्ये लागला. रिसेप्शनवरून किचनमध्ये. पूर्वी वर्षातून दोन महिने घरी यायचा, आता एक महिना येतो. बुकिंगचं सॉफ्टवेअर अर्धंच राहिलं. चाचा रजिस्टर वापरतात.

मी अजून त्याच कंपनीत आहे. बिड लिहिते. क्लायंटने तीन पर्याय मागितले की सरांना आधी विचारून घेते, यातलं तिसरं कुठलं? त्या गावात गेले की फक्त फोटो काढते. वरच्या वळणावरून एक, खालून दोन. कोणी बस म्हटलं तरी बसत नाही, आणि चहा घेत नाही.