आवाज बंद करून

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी टीव्हीवरच्या अमेरिकन उमेदवारांवर ओरडत होतो. "मिस्टर कुलकर्णी, आय ॲम सो सॉरी..." एवढंच ऐकलं. सुधाताई गेल्या. त्यांची मुलगी मुक्ता तेव्हा अमेरिकेहून निघालेल्या विमानात होती, म्हणून फोन मला आला होता. काही तासांनी तिला उतरवून घ्यायला मीच जाणार होतो. काय तोंडाने जायचं, कळेना.

सुधाताईंनी इंग्लंडात, ब्रिस्टलमध्ये सगळी नोकरी भूलतज्ज्ञ म्हणून केली. मी विमानांच्या कारखान्यातला इंजिनियर, त्यांचा शेजारी. माझी बायको गेल्यापासून रविवारचा सकाळचा चहा त्यांच्याकडे ठरलेला. यंदा त्या चहाबरोबर अमेरिकेची प्रायमरी आली. राष्ट्राध्यक्षपदाला पक्षातर्फे कोण उभं राहणार, याची ही चुरस. मत ना त्यांना, ना मला. पण मुक्ताने चांगली नोकरी सोडून त्यातल्या एकाच्या प्रचाराचं काम घेतलं होतं आणि तेव्हापासून ती निवडणूक त्यांच्या घरातच चालू होती. रात्रीच्या वादसभांचं रेकॉर्डिंग आम्ही सकाळी लावायचो. मी करांवर, युद्धांवर तावातावाने बोलायचो आणि सुधाताई शांतपणे टीव्हीचा आवाज बंद करायच्या. मी चिडलो की म्हणायच्या, "अहो कुलकर्णी, टेबलाच्या डोक्याशी उभं राहून सर्जन बघण्यात माझा जन्म गेला. ते बोलतात छानच. अचानक रक्त आलं की कुणाकडे बघतात, ते बघायचं." म्हातारा गव्हर्नर अडचणीचा प्रश्न आला की स्वतःच्या हातांकडे बघायचा. सिनेटरबाई विचारणाऱ्याकडे सरळ बघत. आणि मुक्ताचा तो देखणा, हजरजबाबी उमेदवार... त्याची नजर झटकन बाजूला, आपल्या माणसांकडे जायची. "हा आता नर्सवर ओरडणार," सुधाताई म्हणाल्या. मला तर तोच आवडत होता!

मुक्ताने फोनवर विचारलं, "आई, तुला तो कसा वाटतो? खरं सांग." सुधाताईंना खोटं बोलता येत नसे, ही त्यांची मोठी अडचण. "त्याच्या टेबलावर मी झोपले नसते," त्या म्हणाल्या. मुक्ता म्हणाली, "आई, माझं सगळं करिअर आहे यात," आणि फोन ठेवला. आठवड्यांवर आठवडे गेले, मायलेकी बोलल्या नाहीत. मी दोघींना फोन करून मध्यस्थी करायला गेलो आणि दोघींच्याही शिव्या खाल्ल्या.

मग सुधाताईंच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. सर्जनला त्यांनी माझ्यासमोर विचारलं, काय काय बिघडू शकतं? त्या तरुण डॉक्टरने त्यांच्या डोळ्यांत बघत एकेक सांगितलं, स्वतःचा हात चुकण्यासकट. "माणूस चांगला आहे," त्या मराठीत मला म्हणाल्या आणि निर्धास्त झाल्या. आत जाण्याआधी मुक्ताला फोन लावला, तर तो बंद; मी ऑपरेशनचं कळवल्यावर ती निघाली होती, विमानात बसलेली. फोन माझ्या हातात देत म्हणाल्या, "तिला सांगा, माझं भांडण नाही. तिला पटेल त्याचं काम करू दे. फक्त त्याला एकदा आवाज बंद करून बघ म्हणावं."

माणूस त्यांनी बरोबर पारखला होता. त्याने काही कमी केलं नाही. तरी त्या गेल्याच... याचा राग मला अजून येतो आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

विमानतळावर मला एकट्याला पाहून मुक्ता काय ते समजली. निरोप मी गाडीत सांगितला. ती रडली नाही, खिडकीबाहेर बघत राहिली. सगळं पार पडल्यावर एका सकाळी मी चहा घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर ती आईच्या खुर्चीत बसली होती. समोर वादसभा चालू, आवाज बंद. बराच वेळ ती तशीच बघत होती. शेवटी म्हणाली, "काका, आई एवढा वेळ काय बघत असेल, मला कधी कळलं नाही." तिला काय दिसलं, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

परत जाताना तिने आईच्या साड्या घेतल्या नाहीत, दागिनेही नाहीत. रिमोट तेवढा पर्समध्ये टाकला. तिकडच्या टीव्हीला तो चालणार नाही, हे मला, इंजिनियरला, पक्कं ठाऊक होतं... पण मी गप्प बसलो.