पारोसं शहर

"सजवलेलं घर कोनाला बी आवडतंय. पारोसं बघावं, पारोसं!" असं म्हणत मावशी पदर खोचायची आणि मागच्या दारानं आत शिरायची.

आमच्या अंबाजोगाईच्या गल्लीत ती सगळ्यांचीच मावशी. लग्नं जमवणं हा तिचा धंदा नव्हे, खोड. मुलीकडच्यांच्या वतीनं ती मुलाचं घर बघायला जायची, पण ठरलेल्या दिवशी कधीच नाही. चहापोह्यांच्या दिवशी म्हणे भिंतीसुद्धा खोटं बोलतात. ना सण, ना पाहुणे असा दिवस धरून ती घरातल्यांच्या आंघोळी व्हायच्या आत पोचायची.

माझं स्थळही असंच पास झालं. मुलगी तेलगावची. मावशी आली तेव्हा मी फाटक्या बनियनवर न्हाणीतला हौद घासत होतो आणि आई अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी माझ्यावर तोंडसुख घेत होती. लाजेनं मी अर्धा झालो. मावशीनं हौदात वाकून बघितलं. "कोपरे बी घासतंय की!" एवढंच म्हणाली. लग्न झालं. आजही कोपरे मीच घासतो.

तिचं स्वतःचं लग्न ऐन दिवाळीत ठरलं होतं. सासरचं घर नुसतं झगमगत होतं. नंतर कळलं, सतरंज्या शेजाऱ्यांच्या आणि पितळी भांडी मामाची. "तांब्या बी वापस गेला," हे ती हसत सांगायची. तिला कुणी विचारलंच नव्हतं, हे मात्र हसत सांगायची नाही.

मावशीचा मुलगा जर्मनीत नोकरीला लागला. आई पहिल्यांदाच येणार, तर तिला चार दिवस आणखी एखादं शहर दाखवावं असं त्यानं ठरवलं. व्हिएन्ना नाहीतर प्राग. त्याचं मन व्हिएन्नावर, तेही मे महिन्यात. त्यांचे व्हिडिओ कॉल माझ्याच मोबाइलवर चालायचे, म्हणून हे सगळं मला ठाऊक.

"मे मधी कावून?"

"तेव्हा फुलं असतात, आई. सगळं जग येतं तिथं."

"म्हंजी सणच की. सणाच्या दिवशी मी घर बघत न्हाई."

शेवटी नोव्हेंबर ठरला. पाऊस, गारठा, चहाच्या वेळेलाच अंधार. स्वस्त पडत असेल, असं गल्लीत कुणीतरी म्हणालं. मावशीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो घरात गेला.

शहर मात्र ठरेना. मुलानं दोन्हीकडचे फोटो पाठवले. राजवाडे, पूल, सोनेरी दिवे. "हे मुलाकडच्यांनी दिलेले फोटो," म्हणून तिनं फोन माझ्या हातात दिला. शेवटी मुलगा वैतागला. "आई, तुला त्यातलं काय कळतं? मी व्हिएन्नाच बुक करून टाकतो."

मावशीनं फोन माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाली, "माज्या लग्नाच्या वक्ताला आमचे बाबा बी असंच म्हनले होते. तुला काय कळतंय."

पलीकडून आवाज मग हळूच आला, "बरं. तू सांग."

मावशीनं फर्मान सोडलं. दोन्ही शहरांत मुलाच्या ओळखीचे लोक होते. त्यांना न कळवता, आत्ताच फोन लावायचा. व्हिएन्नाचा पोरगा जरा वेळ द्या म्हणाला आणि कोट घालून, भांग पाडून, राजवाड्यासमोर उभा राहिला. "लई नटलंय," मावशी म्हणाली.

प्रागची मुलगी परभणीची निघाली. दात घासता घासताच तिनं फोन खिडकीकडे वळवला. करडं आभाळ, ओला रस्ता, ट्रॅमचा थांबा. एक म्हातारी पिशवी सांभाळत चढली, चाचपडत खिडकीशी बसली, आणि मग ट्रॅम हलली.

"म्हातारी बसंपस्तोर गाडी थांबली बघ," मावशी म्हणाली. "ठरलं. प्राग."

"एका ट्रॅमवरून?" मी म्हणालो.

"तुजं बी एका हौदावरूनच ठरवलंतं बे!"

जाऊन आली ती एकच फोटो घेऊन. ट्रॅममध्ये खिडकीशी बसलेली, स्वेटरवर शाल, मांडीवर पिशवी. कसं होतं म्हणून विचारलं तर म्हणाली, "भिजलेलं. कुनी नटलं न्हवतं. मी बी न्हाई." इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. मग आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "इतक्या पोरींसाठी घरं बघितली मी. पोरीला कंदी इचारलं न्हाई."

त्यानंतर ती लग्नाच्या मुलीचा हात धरून तिलाच मागच्या दारानं आत न्यायला लागली. लोकांनी नावं ठेवली. "ठेवा," म्हणाली.

मावशी गेली. मला तिची अजून फार सवय आहे. परवा माझ्या मुलीला बीडचं स्थळ आलं. रविवारचा कार्यक्रम ठरला, बायकोनं नवे कप काढले. आणि शुक्रवारी मुलगी पहाटेच्या एसटीनं, कुणाला न सांगता, बीडला जाऊन आली. आधी मी चिडलो. मग विचारलं, कसं होतं घर?

"पारोसं," ती म्हणाली. "मुलाची आई हौद घासत होती, मुलगा झोपला होता. मी 'नाही' म्हणून सांगून आले."

बायकोनं कप परत कपाटात ठेवले. हे ऐकायला मावशी हवी होती.