टाळ्यांवरचं गाणं

नव्वदीच्या दशकात बहरीनमध्ये, मनामाच्या हूऱ्या भागातल्या एका हॉटेलात ती गात असे. जन्म मोम्बासाचा, आवाज जाड, हिंदी तिथल्या शेजारच्या गुजराती बायकांकडून उचललेली. मी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या दुकानात होतो. हॉटेलच्या कीबोर्डासाठी मला वरचेवर तिथे जावं लागे. "बाजा दुरुस्त करायला जाता की ऐकायला?" बायको विचारी. मला अपराधी वाटायला तेवढंही पुरे होई.

तिथे टेबल बघून गायचं असे. आपली माणसं दिसली की हिंदी, पांढरे थोब, म्हणजे अरबांचे पायघोळ झगे, दिसले की अरबी. एकदा मी कीबोर्ड उघडून बसलो असताना तिने आजीची एक स्वाहिली चाल गुणगुणली, मधे अरबी ओळी गुंफत. मी म्हणालो, "हेच गा की इथे."

तिने मॅनेजरला विचारलं. "एक गुरुवार, एक गाणं," तो म्हणाला. "गिऱ्हाईक उठलं तर खलास." तिचा करार संपत आला होता, आणि करार गेला की व्हिसाही गेला. सुचवलं मी, भोगणार ती. जेवण गोड लागेना. निदान साथ तरी चांगली असावी म्हणून मी कीबोर्डात आमच्या रत्नागिरीकडच्या लग्नातल्या ढोलकीचा ठेका भरला.

गुरुवारी ठेका चालवायला मीच बसलो. पहिलं कडवं शांततेत गेलं. मग कोपऱ्यातल्या टेबलावरच्या बहरिनी म्हाताऱ्यांनी टाळ्या सुरू केल्या, पण ठेक्यावर नव्हे. एकाची टाळी एका जागी, दुसऱ्याची भलत्याच. चेष्टा करताहेत असं वाटून मी घाबरलो आणि ठेक्याचा आवाज वाढवला.

ती वळली. "भाईसाब, मशीन बंद."

"बंद?"

"यल्ला, जल्दी, बंद."

मी बटण दाबलं. आता नुसत्या टाळ्या उरल्या, आणि मग मला उमगलं. एकाच्या दोन टाळ्यांमधली फट दुसरा भरत होता. त्यांच्याकडची जुनी दर्यावरची गाणी अशीच म्हणतात. उरलेल्या जागेत ती आपले शब्द सोडत होती. म्हाताऱ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. कोणी उठलं नाही.

"पुढच्या गुरुवारी दोन गा," मॅनेजर म्हणाला. करार वाढला. पुढे त्या म्हाताऱ्यांतले दोघे तिच्या शेजारी बसून टाळ्या देऊ लागले, आणि काही वर्षांनी तीच गाणी घेऊन ती लंडनला निघाली.

निरोपाच्या वेळी मी तिची माफी मागितली, त्या पहिल्या गुरुवारी तिला असं धोक्यात घातल्याबद्दल.

"माफी कसली, भाईसाब?" ती म्हणाली. "लंडनमध्ये आणखी काय गाऊ, ते सांगा."